महामायाबाईंनी न बांधलेली राखी

महामाया तायडे आणि मी एकाच कार्यालयात वर्षानुवर्षं शेजारच्या टेबलांवर बसलो आणि त्यातली बरीचशी वर्षं आमचं पंख्यावरून भांडण चाललं. मला पंखा चालू लागायचा, त्यांना बंद. मे महिन्यात आमच्या घाटाखाली काय उकडतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. त्या उन्हात ही बाई उठायची, बटण बंद करायची आणि म्हणायची, "कागद उडून राह्यले वो कोकिळाबाई." मी म्हणायची, "उडू द्या." तेव्हा मी त्यांचं कौतुक मैत्रीपोटी करते आहे, असा कुणी समज करून घेऊ नये. मैत्री होती की नाही याचा मला अजून पत्ता लागलेला नाही. अभिमान मात्र आहे, आणि तो मी छाती फुगवून सांगणार आहे.

आमचं कार्यालय कोणतं ते विचारू नका. बुलढाणा जिल्ह्यात घाटाखालच्या एका तालुक्यातलं सरकारी कार्यालय, एवढं पुरे. ज्या मुलीमुळे हे सगळं घडलं तिचं नाव मी सांगणार नाही, कारण ते जपायचं असतं. ज्या साहेबामुळे घडलं त्याचंही नाव घेणार नाही, कारण घ्यायला जीभ वळत नाही. त्याला आपण लेखासाहेब म्हणू. हिशेबाची सगळी कामं त्याच्याकडे असायची आणि त्याच्या वर मोठे साहेब, म्हणजे कार्यालयाचे प्रमुख.

महामायाबाई मूळच्या पिंपळगाव राजा या गावच्या. वडील गवंडीकाम करायचे. त्यांच्या गल्लीतून सरकारी नोकरीत गेलेली पहिली मुलगी म्हणजे ह्या. लग्न होऊन नांदुऱ्याला आल्या. नवरा दयाराम रेल्वेत होता, आता निवृत्त आहे आणि बाईंपेक्षा चांगला चहा करतो. बाई रोज सकाळी बसनं येत. दिसायला सुकडी, बोलायला कमी, पण बोलायच्या आधी खाकरायची सवय. तेही असं जोरात, की समोरचा माणूस आपोआप खुर्चीत सरळ बसायचा. दुसरी सवय मोबाइलची. वाजला की पहिल्याच रिंगला उचलायचा. जेवताना घास हातात असो, साहेबांपुढे फाइल उघडी असो, बाई फोन उचलणार म्हणजे उचलणार. बहुतेक वेळा रॉंग नंबर असायचा. आम्ही खूप हसायचो.

आता राखीचं सांगते, कारण सगळं तिथेच येऊन अडकलं.

आमच्या कार्यालयात राखीचा कार्यक्रम जुना. सभागृहात सगळे अधिकारी डोक्यावर रुमाल टाकून रांगेत बसायचे आणि आम्ही बायका ताट घेऊन एकेकाला ओवाळत पुढे सरकायचो. राख्या आणायचं काम माझ्याकडे. मोबदल्यात प्रत्येकीला दरवर्षी हातरुमालाचं पाकीट. माझ्या कपाटात इतके रुमाल साठले आहेत की घरात सगळ्यांना एकदम सर्दी झाली तरी पुरतील.

महामायाबाई नव्या आल्या त्या वर्षी रांगेत उभ्याच राहिल्या नाहीत. तेव्हाचे साहेब गमतीनं म्हणाले, "का हो बाई, आम्ही तुमचे भाऊ नाही का?"

बाई खाकरल्या. "भाऊ हाये मले, साहेब. अश्वजित नाव हाये त्याचं, पिंपळगावले रायते. इथी मी कारकून हाये अन् तुमी साहेब. तेवढंच ऱ्हाऊ द्या."

साहेबांचं तोंड बघण्यासारखं झालं. मागे कुजबूज झाली, की त्यांच्यात राखी नसते, बुद्धाचे लोक आहेत ना. बाईंना ऐकू गेलं. वळून म्हणाल्या, "आमच्यात नसते, ते खरं हाये. पन असती तरी हापिसात नसती बांधली." मग जागेवर बसून त्यांनी आवक टपाल उघडलं. त्या दिवसापासून दर राखीला आम्ही सगळ्या सभागृहात आणि बाई एकट्या टेबलावर. त्या दिवशी पंखाही बंद असायचा, कारण मी नसायची.

मधल्या काळात जिल्ह्यावरून परिपत्रक आलं. प्रत्येक कार्यालयात महिलांच्या लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी समिती नेमा आणि सदस्यांच्या नावांचा फलक लावा. फलक लावायचा म्हटल्यावर नावं लागतात. सगळ्यांत ज्येष्ठ महिला कर्मचारी म्हणून अध्यक्ष महामायाबाई, सदस्य मी, पुरुष सदस्य म्हणून इंद्रभान, म्हणजे आमच्याकडचा बांधकामाचा अभियंता, आणि बाहेरच्या सदस्य म्हणून खामगावच्या एका महिला संस्थेत काम करणाऱ्या पुष्पांजलीताई. धूम्रपान मनाईची पाटी ज्या पेंटरनं केली होती त्यानंच हा फलक रंगवला आणि पाण्याच्या कूलरशेजारी, अर्जदारांच्या बाकाच्या वर, तो टांगला. मोठ्या साहेबांनी फलकाचा फोटो जिल्ह्याला पाठवला. त्यांच्या दृष्टीनं काम संपलं.

बाईंनी पेंटरला थांबवलं. "माह्या नावापुढे माहा मोबाइल नंबर लिही."

पेंटर म्हणाला, "नमुन्यात नाही, बाई."

"नमुन्यात पेंटरचं नाव तरी कुठी हाये? तरी तू खाली कोपऱ्यात लिहितंच ना? लिही."

त्यानं लिहिला. त्यानंतर बाईंना विहिरीच्या अनुदानापासून वीजबिलापर्यंत कशाचेही फोन येऊ लागले. बाकावर बसलेल्या माणसाला समोर नंबर दिसला की तो लावणारच. बाई प्रत्येक फोन पहिल्या रिंगला उचलायच्या आणि सांगायच्या, "हे काम आमच्याकडे नाई, भाऊ." आम्ही त्यांना चिडवायचो, की बाई, तुम्ही आता रेल्वेच्या चौकशी खिडकीत बसा.

मग एका संध्याकाळी त्या मुलीचा फोन आला.

मुलगी जळगाव जामोदकडच्या एका खेड्यातली, कंत्राटी संगणकचालक. मुदत संपली की लेखासाहेबाच्या शेऱ्यावर तिचं पुढचं कंत्राट ठरायचं. कूलरवर पाण्याची बाटली भरताना रोज तो फलक वाचायची. दयारामभाऊंनी नंतर मला सांगितलं, की बाई पीठ मळत होत्या. भरल्या बोटांनी फोन उचलला, "हाव, बोल," एवढंच म्हणाल्या आणि मग नुसत्या ऐकत राहिल्या. तव्यावरची भाकर करपली तरी हलल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, "उद्या लेखी दे. मी हाये." दयारामभाऊंनी विचारलं, काय झालं? तर म्हणे, "हापिसातलं हाये." त्यापुढे नवऱ्याला एक अक्षर सांगितलं नाही.

तक्रार आली. लेखासाहेब तिला नोंदी तपासायच्या म्हणून संध्याकाळी केबिनमध्ये थांबवायचा. खांद्यावर हात, पाठीवर हात. मग मोबाइलवर मेसेज. ते मी वाचले आहेत आणि ते वाचल्यावर मला दोन दिवस जेवण गेलं नाही. मुलीनं टाळायला सुरुवात केली तेव्हा कंत्राटाची आठवण करून दिली. आपण बोललो तर नोकरी जाईल आणि नाही बोललो तर हा माणूस थांबणार नाही, अशा कात्रीत ती सापडली होती.

तक्रार दाखल झाल्याचं कळलं आणि कार्यालयात जो तो शहाणा झाला. पोरीचं नाव खराब होईल. साहेब तसे चांगले आहेत. निवृत्तीला आलेल्या बाईनं हे कशाला अंगावर घ्यावं? हे शेवटचं तर थेट बाईंच्या तोंडावर म्हटलं गेलं, कारण त्यांची निवृत्ती जवळ आली होती आणि निवृत्तीची फाइल जायची होती लेखासाहेबाच्याच टेबलावरून. बाई म्हणाल्या, "फाइल जाईन तवा जाईन. फाइलीले पाय फुटत नाई, ते मले बी मालूम हाये." मोठ्या साहेबांना मात्र घाई झाली होती. ते पुण्याकडचे, शांत, गोड बोलणारे. त्यांना कार्यालयाची बदनामी नको होती. त्यांनी मुलीच्या काकाला बोलावलं, इंद्रभानला बोलावलं आणि एक तोड काढली.

राखी तोंडावर आली होती. सभागृहातल्या कार्यक्रमाआधी साहेबांच्या केबिनमध्ये, मोजक्या माणसांसमोर, मुलीनं लेखासाहेबाला राखी बांधायची. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवायचा, साडी द्यायची. बहीण-भावाचं नातं झालं, तक्रार मागे, विषय संपला.

आमच्याकडे हे असंच चालतं. गावात कुणी पोरीची छेड काढली की चार म्हातारे बसतात आणि तिच्याच हातात राखी देतात. त्यामुळे कुणालाच त्यात वावगं दिसलं नाही. काकाला हायसं वाटलं. इंद्रभान म्हणाला, "बरं झालं, बापा, गोडीगुलाबीनं सुटलं." मला काय वाटलं ते सोडा, मी माझ्या राख्या आणायच्या कामाला लागले. बाईंनी फक्त पुष्पांजलीताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, तडजोड होऊ शकते, पण मुलीनं स्वतः मागितली तरच. दुसऱ्या कुणी तिच्या वतीनं मागून चालत नाही.

राखीच्या दिवशी केबिनमध्ये आम्ही जमलो. मोठे साहेब, लेखासाहेब, मुलगी, इंद्रभान, मी आणि पहिल्यांदाच राखीच्या ताटाजवळ उभ्या असलेल्या महामायाबाई. टेबलावर ताट, ताटात निरांजन, पेढे, राखी. लेखासाहेबानं डोक्यावर रुमालसुद्धा टाकून घेतला होता. हात पुढे केला होता. साडीची पिशवी खुर्चीला टेकवलेली. मुलगी भिंतीला चिकटून उभी आणि तिचे ओठ पांढरे पडलेले.

"चला, बांधून टाक बेटा," मोठे साहेब म्हणाले. "सभागृहात सगळे थांबलेत."

बाई खाकरल्या. इतक्या जोरात, की निरांजनाची वात हलली असेल.

"थांबा, साहेब. मले पोरीले एक इचारू द्या." आणि तिच्याकडे वळून हळू आवाजात म्हणाल्या, "तुले हे पायजे काय? तुह्या तोंडानं सांग. हाव म्हनशीन तं हाव, नाई म्हनशीन तं नाई. कोनाकडं पाहू नको."

मुलगी जमिनीकडे बघत म्हणाली, "म्याडम, मी मांगच्या राखीले बांधली होती ना यायले. सगळ्यायनं बांधली तवा मी बी बांधली. दिवाळीपासून यायनं सुरू केलं."

मागच्या वर्षीची ती राखी मला आठवली, लाल गोंड्याची. लेखासाहेबाचा पुढे केलेला हात तसाच हवेत होता. तो माघारी घ्यावा की ठेवावा हे त्याला कळेना.

"पायजे का, पोरी?" बाईंनी पुन्हा विचारलं.

"नाई."

बाईंनी ताट उचललं. फुंकर मारून निरांजन विझवलं नाही की ताट आदळलं नाही. दोन्ही हातांनी उचलून कपाटावर ठेवलं, आणि टेबलाच्या रिकाम्या जागेवर तक्रारीची फाइल ठेवली.

"झालं तं मंग," त्या म्हणाल्या. "आता चौकशी होईन. ही समिती हाये अन् मी अध्यक्ष हाये. इथी मी कोनाची बहीन नाई, ही पोरगी कोनाची बहीन नाई. तिची नोकरी हाये अन् तिची तक्रार हाये, तेवढंच पाहाचं. मोठे साहेब, आमाले खोली पायजे. अन् तुमी," हे लेखासाहेबाला, "बाहेर बसा. तुमची पाळी आली का बलावतो."

आमच्या कार्यालयात कारकुनानं साहेबाला बाहेर बसायला सांगितल्याचं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. तो मोठ्या साहेबांकडे बघत राहिला. मोठे साहेब बाईंकडे बघत राहिले. मग त्यांनी, हे श्रेय त्यांना द्यायला हवं, उठून दार उघडलं. लेखासाहेब बाहेर गेला, डोक्यावरचा रुमाल काढायचा विसरून, आणि अर्जदारांच्या बाकावर बसला. बाकावर आधीच एक म्हातारा कागदपत्रांची पिशवी घेऊन बसला होता. तो बिचारा सरकून म्हणाला, "बसा ना साहेब, बसा." वर भिंतीवर फलक होता.

त्या वर्षी सभागृहातला कार्यक्रम झाला नाही. पेढे कुणी खाल्ले मला माहीत नाही. राख्या मी घरी नेल्या.

चौकशी सरळ चालली नाही. लेखासाहेब ओळखी काढत राहिला, काका दोनदा येऊन रडून गेला. पण बाईंनी पहिल्याच दिवशी जिल्ह्याला लिहून मुलीच्या कामाचा शेरा लेखासाहेबाकडून काढून घेतला आणि तिला दुसऱ्या शाखेत बसवलं. बैठकीत लेखासाहेब मुलीला उलटसुलट विचारू लागला, तर बाई म्हणाल्या, प्रश्न समितीला द्या, विचारायचे की नाही ते आम्ही ठरवू. पुष्पांजलीताई प्रत्येक बैठकीला खामगावहून आल्या. आमच्या सफाईवाल्या अंबूबाई आपणहून साक्षीला आल्या आणि केबिनचं दार आतून लावलं जायचं हे त्यांनी न अडखळता सांगितलं. इंद्रभान सुरुवातीला खाली मान घालून बसायचा. मेसेज वाचल्यावर मान वर झाली आणि मग तोच सगळ्यांत कडक प्रश्न विचारू लागला. त्याच्या घरीही मुलगी आहे, पण त्यानं ते कारण कधी दिलं नाही, हे मला आवडलं.

शेवटी लेखासाहेबाचा जबाब झाला. तो काय म्हणाला असेल? "मी तिला बहीण मानतो. तिनं मला राखी बांधली आहे, सगळं कार्यालय साक्षी आहे."

बाई खाकरल्यासुद्धा नाहीत. मेसेजचे कागद त्याच्यापुढे सरकवले. "बहिनीले असं लिहिता काय? वाचा. मोठ्यानं वाचा, जबाबात घ्याचं हाये."

त्यानं पहिली ओळ वाचली. दुसरी त्याच्यानं वाचवेना. मी जबाब लिहून घेत होते. तिथे मी लिहिलं, 'वाचण्यास नकार दिला.' माझं अक्षर तसं वाईट आहे, पण ते वाक्य फार सुबक आलं आहे.

अहवालात तक्रार सिद्ध झाल्याचं आम्ही चौघांनी एकमतानं लिहिलं. टपालात तो रेंगाळेल म्हणून बाई स्वतः बसनं घाट चढून बुलढाण्याला गेल्या, अहवाल हातानं दिला आणि पोच घेऊन परतल्या. घाटात त्यांना बस लागते. दोनदा उलटी झाली, पण पोचेवर डाग पडू दिला नाही, असं त्याच सांगत होत्या. काही आठवड्यांनी निलंबनाचा आदेश आला आणि मागोमाग विभागीय कारवाई. आमच्याकडे कुणीही अधिकारी गेला की शाल-श्रीफळ देऊन निरोप होतो. ह्याचा झाला नाही. कुणी विषयही काढला नाही. एका दुपारी तो आला, खणातल्या वस्तू घेतल्या आणि फलकाखालून निघून गेला.

मुलीचं कंत्राट वाढलं, दुसऱ्या अधिकाऱ्याच्या शेऱ्यानं आणि तिच्या कामावर. आता ती कार्यालयात मोठ्यानं हसते. मला संगणक शिकवते आणि मी चुकले की रागावतेसुद्धा. पुढच्या राखीला मोठ्या साहेबांनी विचारलं, "कोकिळाबाई, यंदा कार्यक्रम?" मी म्हटलं, "साहेब, मला भाऊ आहे." एवढं बोलून मी टेबलावर येऊन बसले. शेजारी महामायाबाई टपाल उघडत होत्या. वर बघितलं नाही, पण उठल्या आणि माझ्यासाठी पंखा लावला.

त्यांची निवृत्ती झाली तेव्हा सभागृह भरलं होतं. दयारामभाऊ इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत. भाषणं झाली, मोठे साहेबही मनापासून चांगलं बोलले. बाईंना बोला म्हटलं तर त्या उठल्या, खाकरल्या, सगळे सरळ बसले, आणि त्या म्हणाल्या, "काम केलं. पगार घेतला. बरं वाटलं." आणि बसल्या. टाळ्या काही केल्या थांबेनात. मी तर रडले आणि ते मी लपवणार नाही.

समितीचं अध्यक्षपद आता ज्येष्ठतेनं माझ्याकडे आलं. तोच पेंटर आला, बाईंचं नाव पुसून माझं लिहू लागला. मोठे साहेब जाता जाता म्हणाले, "बाई, नंबर राहू द्या आता. उगाच लोक त्रास देतात."

मी खाकरले. कसं कोण जाणे, पण तंतोतंत तसंच आलं. साहेब आपल्या केबिनकडे चालू लागले. पेंटरला मी म्हटलं, "माझा नंबर लिही. मोठा लिही."

रंग वाळायच्या आत फोन वाजला. मी टेबलावर होते, हातात चहाचा कप. कप ठेवावा, चष्मा शोधावा, मग बघावं कोण आहे, यात तो वाजायचा थांबला. पुन्हा वाजला. नांदुऱ्याहून महामायाबाई होत्या.

"आपली संगणकवाली पोरगी सांगत होती फलक लागला म्हनून. मी पाहून राह्यली होती तुमी उचलता का नाई."

"उचलला की."

"दुसऱ्यांदा उचलला," बाई म्हणाल्या. "मी हाये म्हनून दुसऱ्यांदा केला. पयल्या रिंगले उचलत जा, कोकिळाबाई. पोरी दुसऱ्यांदा करत नाई."